सहा विमाने, अठरा माणसे

युद्धाच्या इतिहासात एका ठरावीक धाटणीचे वाक्य आपणांस वारंवार भेटते. 'या हल्ल्यात इतकी विमाने कामी आली,' असे ते वाक्य असते. वाचक ते वाचतो, आकडा मनाशी धरतो आणि पुढच्या ओळीकडे वळतो. परंतु विमान हे यंत्र आहे; त्यात बसून जाणारी माणसे होती. त्यांपैकी किती मेली, किती शत्रूच्या हाती लागली, किती पाण्यातून जिवंत बाहेर आली, हे त्या आकड्यावरून कळत नाही. ते शोधून काढावे लागते, आणि हा शोध कसा घेतात याचे एक शास्त्रच बनले आहे. समुद्रावरील लढाईत तर हे काम अधिकच कठीण होते. जमिनीवर पडलेल्या विमानाचे अवशेष सापडतात. समुद्र मात्र आपल्या पोटात घेतलेले सहसा परत देत नाही. दुसऱ्या महायुद्धातील एका प्रसिद्ध प्रसंगाच्या आधारे हे शास्त्र समजून घेण्याचा येथे विचार आहे.

प्रथम प्रसंग पाहू. 'शार्नहॉर्स्ट' आणि 'ग्नायझेनाउ' या दोन मोठ्या जर्मन युद्धनौका १९४१ च्या मार्चपासून फ्रान्सच्या ब्रेस्ट बंदरात होत्या. 'प्रिन्झ ऑयगेन' ही क्रूझर पुढे त्यांना येऊन मिळाली. इंग्रजांचे बाँबफेकी हल्ले त्यांच्यावर सतत चालू असत. या नौका तेथून काढून जर्मनीत आणावयाच्या, असे अखेर ठरले. त्यासाठी सर्वांत जवळचा मार्ग इंग्लिश खाडीतून, म्हणजे खुद्द इंग्लंडच्या दारावरून जात होता. डोव्हरपाशी ही खाडी जेमतेम ३४ किलोमीटर रुंद आहे. एवढा धोकादायक टप्पा शत्रू रात्रीच्या अंधारातच ओलांडील, असा इंग्रजांचा तर्क होता. जर्मनांनी नेमके उलट केले. ११ फेब्रुवारी १९४२ च्या रात्री त्यांनी ब्रेस्ट सोडले, अंधारात लांबचा पल्ला गाठला आणि १२ तारखेस भर दुपारी ते डोव्हरच्या सामुद्रधुनीत येऊन पोहोचले. टेहळणीच्या विमानांतील रडारने ऐन वेळी दगा दिल्यामुळे इंग्रजांना ही बातमी फार उशिरा कळली.

केंट परगण्यातील मॅन्स्टन येथील विमानतळावर त्या वेळी ब्रिटिश नौदलाच्या ८२५ क्रमांकाच्या स्क्वाड्रनची सहा विमाने सज्ज होती. तिचे प्रमुख लेफ्टनंट कमांडर यूजीन एस्मंड हे अनुभवी वैमानिक होते. मे १९४१ मध्ये 'बिस्मार्क' या बलाढ्य जर्मन युद्धनौकेवर त्यांनी 'व्हिक्टोरियस' या विमानवाहू नौकेवरून नऊ विमानांनिशी हल्ला केला होता, आणि ती नऊही विमाने रात्रीच्या काळोखात सुखरूप परतली होती. या कामगिरीबद्दलचे पदक त्यांनी राजाच्या हस्ते ११ फेब्रुवारीस, म्हणजे आपल्या अखेरच्या उड्डाणाच्या आदल्याच दिवशी स्वीकारले होते.

त्यांची विमाने 'स्वोर्डफिश' जातीची होती. ती दुपंखी असून त्यांचा सांगाडा कापडाने मढवलेला असे आणि बसण्याच्या जागा उघड्या असत. पोटाखाली पाणतीर, म्हणजेच टॉर्पेडो बांधला की ताशी सुमारे १६० किलोमीटरपेक्षा अधिक वेग मिळणे कठीण. प्रत्येक विमानात तीन माणसे बसत. पहिला वैमानिक, दुसरा दिशा व अंतर पाहणारा निरीक्षक आणि तिसरा बिनतारी यंत्र व मशीनगन सांभाळणारा. रात्रीच्या हल्ल्यासाठी ही विमाने योग्य होती; दिवसाढवळ्या शत्रूच्या वेगवान लढाऊ विमानांपुढे मात्र त्यांचा निभाव लागणे जवळजवळ अशक्य होते. संरक्षणासाठी लढाऊ विमानांच्या पाच स्क्वाड्रन येतील, असे एस्मंड यांना सांगण्यात आले होते. ठरलेल्या वेळी आली ती अवघी दहा स्पिटफायर विमाने. थांबावे तर शत्रू निसटतो, अशी स्थिती होती. साडेबाराच्या सुमारास ही सहा विमाने समुद्राकडे वळली. त्यांतील एकही परत आले नाही.

येथून पुढे आपला खरा विषय सुरू होतो. 'सहा विमाने गेली, सहाही नष्ट झाली,' हे वाक्य खरे आहे. पण पुरे नाही. सहा विमाने आणि प्रत्येकी तीन माणसे, म्हणजे एकूण अठरा. या अठरांचा हिशेब लावावयाचा आहे.

विमाने तीन-तीनांच्या दोन फळ्यांत उडत होती. पहिल्या फळीतील एस्मंड यांच्या विमानात त्यांच्यासह विल्यम्स आणि क्लिंटन होते; हे तिघेही मृत्यू पावले. दुसऱ्या विमानात वैमानिक रोज, निरीक्षक ली आणि मशीनगनवर जॉन्सन होते. जॉन्सन मारले गेले. रोज जखमी झाले. ली यांनी त्यांना रबरी होडीत ओढून घेतले आणि पुढे दोघांना एका छोट्या नौकेने उचलले. तिसऱ्या विमानातील किंग्जमिल, सॅम्पल्स आणि बन्स हे तिघेही पाण्यात पडून वाचले. मागच्या फळीत थॉम्पसन, पार्किन्सन व टॅपिंग. वुड, फुलर-राइट व व्हीलर. आणि ब्लाय, बेनन व स्मिथ असे नऊ जण होते. त्यांच्यापैकी एकही जिवंत परतला नाही. पहिल्या फळीतील चार आणि दुसरीतील नऊ मिळून तेरा मृत्यू झाले आणि पाच माणसे वाचली. विमानांची हानी शंभर टक्के, परंतु माणसांची तेवढी नाही. यावरून पहिला नियम निघतो. यंत्रांची मोजदाद आणि माणसांची मोजदाद ही सदैव निरनिराळी ठेवावी. एकीवरून दुसरीचा अंदाज बांधू नये.

या नियमाचे आणखी एक उदाहरण देता येईल. नोव्हेंबर १९४० मध्ये इटलीच्या टारांटो बंदरावर अशाच स्वोर्डफिश विमानांनी रात्री हल्ला केला होता. त्या वेळी एकवीस विमानांपैकी दोन परतली नाहीत. त्या दोहोंत प्रत्येकी दोन माणसे होती. एका विमानातील दोघेही मरण पावले. दुसऱ्यातील दोघे, आणि त्यांत पहिल्या लाटेचे नेते विल्यमसन हेही होते, इटालियनांचे कैदी झाले व युद्धानंतर घरी परतले. विमान परत न आल्याच्या रात्री मात्र त्यांच्या साथीदारांच्या दृष्टीने चौघांचीही अवस्था एकच होती, ती म्हणजे 'बेपत्ता'. म्हणून संशोधक 'बेपत्ता' या शब्दाला निकाल मानीत नाही. तो त्या दिवसापुरता शेरा असतो. पुढे रेडक्रॉसमार्फत कैद्यांची यादी येते, किनाऱ्यावर एखादा देह सापडतो, किंवा काहीच न कळल्यामुळे काही काळाने 'मृत समजण्यात येत आहे' असे घरी कळविले जाते. एकाच माणसाची नोंद अशा रीतीने दोनतीनदा बदलते. तेव्हा हाती आलेली यादी कोणत्या तारखेची आहे, हे आधी पाहावे लागते.

आता साधनांकडे वळू. पहिले साधन म्हणजे स्वपक्षाची कागदपत्रे. ब्रिटनमध्ये नौदलाची व हवाई दलाची अशी जुनी दप्तरे लंडनजवळ क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात ठेवलेली आहेत. प्रत्येक लष्करी विमानाला स्वतःचा क्रमांक असतो. एस्मंड यांच्या विमानाचा क्रमांक डब्ल्यू ५९८४ असा होता. कोणत्या क्रमांकाच्या विमानात कोण बसले, हे उड्डाणाच्या नोंदीवरून कळते, आणि या दुव्यामुळेच विमानाच्या नशिबावरून माणसांच्या नशिबाचा माग काढता येतो. आपली किती विमाने व माणसे परतली नाहीत, याबाबत सेनेचे अंतर्गत कागद बहुधा विश्वसनीय असतात. कारण सकाळी भोजनगृहात किती जागा रिकाम्या राहिल्या, हे कोणाला लपविता येत नाही.

शत्रूची किती हानी केली, याबाबत मात्र तेवढा विश्वास ठेवता येत नाही. यात खोटेपणाच असतो असे नाही. घाईगर्दीच्या चकमकीत एकाच विमानावर चौघे गोळ्या झाडतात आणि ते पडले की चौघांनाही ते आपणच पाडले असे प्रामाणिकपणे वाटते. १५ सप्टेंबर १९४० रोजी इंग्लंडवरील हवाई युद्धात १८५ जर्मन विमाने पाडल्याचे जाहीर झाले होते. युद्धानंतर जर्मन दप्तरे तपासली तेव्हा खरा आकडा सुमारे ६० निघाला. यावरून दुसरा नियम निघतो. कोणाचीही हानी मोजताना ती ज्याची झाली त्याच्या वहीत पाहावी, मारणाऱ्याच्या वहीत नव्हे.

आपल्या प्रसंगातही हा नियम उपयोगी पडतो. एस्मंड यांना मरणोत्तर 'व्हिक्टोरिया क्रॉस' देण्यात आला. त्याची घोषणा ३ मार्च १९४२ च्या सरकारी राजपत्रात झाली. निदान एक पाणतीर जर्मन नौकेला लागला असावा, असा समज त्या मजकुरात व्यक्त केलेला होता. राजपत्रापेक्षा अधिक अधिकृत कागद तो कोणता? तरीही युद्धानंतर जर्मन नौकांच्या रोजनिशा अभ्यासकांना पाहावयास मिळाल्या, तेव्हा असे दिसले की त्या दिवशी एकही पाणतीर लागलेला नव्हता. शार्नहॉर्स्ट आणि ग्नायझेनाउ यांना नुकसान पोहोचले ते त्याच दिवशी पुढे समुद्रात पेरलेल्या सुरुंगांमुळे. हे सत्य सांगितल्याने त्या अठरा जणांचे शौर्य तिळमात्र कमी होत नाही. शौर्य हे निशाण लागण्यावर अवलंबून नसते. उलट, त्यांच्या स्मृतीला खोट्या यशाचा टेकू देण्याची गरजच नाही, हे यावरून कळते.

दोन्ही पक्षांचे कागद एकत्र ठेवताना एक बारीकशी अडचण येते. ती घड्याळांची होय. युद्धकाळात निरनिराळ्या देशांनी घड्याळे पुढे सरकविण्याचे निरनिराळे नियम केले होते. त्यामुळे एकाच क्षणाची नोंद दोन वह्यांत दोन वेगळ्या वेळांनी होऊ शकते. हे ध्यानात न घेतल्यास एकच हल्ला दोन हल्ल्यांसारखा भासतो. म्हणून सर्व वेळा प्रथम एका मापात आणाव्या लागतात आणि मगच ताळा करावा लागतो.

दुसरे साधन म्हणजे वाचलेल्यांची साक्ष. कागदात न सापडणाऱ्या कितीतरी गोष्टी तीतून मिळतात. एस्मंड यांच्या विमानाने पेट घेतला तेव्हा मागे बसलेले क्लिंटन उघड्या विमानाच्या पाठीवर चढून हातांनी ज्वाला विझवीत होते, हे शेजारच्या विमानातून पाहिले गेले, म्हणूनच जगाला कळले. कोणत्याही वहीत त्यासाठी रकाना नसतो. परंतु साक्षीलाही मर्यादा असतात. ज्याचा वैमानिक जखमी झाला आहे, ज्याचे विमान कोसळते आहे, त्याला सभोवती काय चालले आहे ते सगळे कसे दिसणार? तो जे पाहू शकतो तेवढेच त्याच्याकडून घ्यावे.

आणि येथेच या शोधातील सर्वांत अवघड जागा येते. वाचलेले पाचही जण पहिल्या फळीतील होते. मागच्या फळीतील तीन विमाने त्यांनी नौकांच्या दिशेने पुढे जाताना पाहिली. त्यानंतर ती कोणा साथीदाराच्या दृष्टीस पडली नाहीत. त्या नऊ जणांनी पाणतीर सोडले काय, कोणते विमान आधी पडले, कोणी काही काळ पाण्यात तग धरून होता काय, हे सांगावयास त्यांच्यातील कोणीच उरला नाही. जर्मन नौकांवरील लोकांनी हळू उडणारी, जुन्या घडणीची विमाने आगीच्या वर्षावात आपल्याकडे येताना पाहिली आणि त्यांच्या धैर्याची दखलही घेतली. पण धूर आणि धुके यांतून दिसणाऱ्या विमानात वुड आहेत की ब्लाय, हे त्यांना कसे कळावे? अशा ठिकाणी लेखकाला मोह होतो. चार वाक्ये कल्पनेने भरली की कथा पुरी होते आणि वाचकही सुखावतो. परंतु खरा संशोधक तेथे लेखणी थांबवितो. त्या नऊ जणांच्या घरच्यांना मृत्यूची वार्ता मिळाली, पण अखेरच्या क्षणांची हकिगत मिळाली नाही. आज कोणी ती रचून सांगू लागला, तर ती त्या कुटुंबांची फसवणूक ठरेल. रिकामी जागा रिकामीच ठेवणे, हाही मृतांच्या आदराचाच एक प्रकार आहे.

तिसरे साधन थडगी आणि स्मारके यांचे. एस्मंड यांचा देह हल्ल्यानंतर अडीच महिन्यांनी, २९ एप्रिल १९४२ रोजी, थेम्स नदीच्या मुखाजवळ सापडला आणि जिलिंगहॅम येथे त्यांचे दफन झाले. समुद्राचे प्रवाह देह किती दूर नेतात, याचे हे उदाहरण आहे. देह जेथे सापडला तेथेच विमान पडले असा निष्कर्ष काढता येत नाही. ज्यांचा देह कधीच सापडला नाही, अशा नौदलाच्या वैमानिकांसाठी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर ली-ऑन-सोलंट येथे स्मारक उभारले असून त्यावर जवळजवळ २००० नावे कोरलेली आहेत. १९१७ मध्ये स्थापन झालेला युद्धसमाधी आयोग या सर्वांची नोंद ठेवतो. त्याच्या नोंदवहीत नाव, हुद्दा, तुकडी, मृत्यूची तारीख आणि समाधी वा स्मारकाचे ठिकाण इतके सापडते, आणि सामान्य माणसालाही ते पाहता येते.

चौथे साधन पदकांच्या याद्या. तेथे फार जपून वाचावे लागते. वाचलेल्या चार अधिकाऱ्यांना 'डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस ऑर्डर' आणि बन्स यांना 'कॉन्स्पिक्युअस गॅलन्ट्री मेडल' मिळाले. एस्मंड सोडून मेलेल्या बारा जणांच्या वाट्याला मात्र सरकारी खलित्यातील केवळ उल्लेख आला. यादीवरून नजर फिरविणाऱ्यास वाटेल की जिवंत राहिले ते अधिक शूर होते. खरे कारण वेगळेच आहे. त्या काळच्या नियमांप्रमाणे मृत व्यक्तीला एक तर व्हिक्टोरिया क्रॉस देता येई, नाही तर खलित्यात तिचे नाव घालता येई. मधली पदके मरणोत्तर देण्याची सोयच नव्हती. नियम ठाऊक नसेल तर खरा कागदही खोटे सांगू लागतो.

ही सारी हकिगत परदेशाची असली तरी हे शास्त्र आपल्याला परके नाही. त्याच महायुद्धात मराठी मुलखातील सहस्रावधी तरुण आफ्रिकेत, इटलीत आणि ब्रह्मदेशात लढले. आजच्या रायगड जिल्ह्याच्या माणगाव तालुक्यातील नाईक यशवंत घाडगे यांचेच पाहा. पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या पलटणीचे हे अवघ्या बावीस वर्षांचे वीर १० जुलै १९४४ रोजी इटलीतील टायबर नदीच्या खोऱ्यात, साथीदार पडल्यावर एकट्याने शत्रूच्या मशीनगनवर तुटून पडले आणि ती जिंकून मरण पावले. त्यांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. पण त्यांची समाधी ज्ञात नाही. इटलीतील कॅसिनो येथील स्मारकावर त्यांचे नाव आहे. एस्मंड यांच्याप्रमाणेच त्यांचीही नोंद त्याच आयोगाच्या वहीत मिळते. पुण्याजवळील खडकीच्या युद्धस्मशानाची व्यवस्थाही हाच आयोग पाहतो.

मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र बेळगावात आहे, आणि सीमाभागातील कितीतरी घरांत पणजोबांचे एखादे पदक किंवा जुने पत्र पेटीच्या तळाशी पडलेले असते. पदकाच्या कडेवर पुष्कळदा सैनिकाचा क्रमांक व नाव कोरलेले असते; ते भिंगाने वाचावे. तुकडी, तारीख आणि ठिकाण या तीन गोष्टी वडीलधाऱ्यांना विचारून लिहून ठेवाव्यात. कोणी काय प्रत्यक्ष पाहिले आणि कोणी काय नुसते ऐकले, याचे दोन निराळे रकाने करावेत. जे कळत नाही त्यापुढे 'कळत नाही' असेच लिहावे. एवढे केले की अभिलेखागारातील संशोधक आणि शाळेतील विद्यार्थी यांच्या कामात जातीचा फरक राहत नाही. वडीलधारी माणसे हयात आहेत आणि त्यांची स्मृती शाबूत आहे, तोवरच हे काम होऊ शकते. येत्या सुट्टीतच त्याला आरंभ करावा.